वाट नराची, घर मादीचे

भुदरगड तालुक्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या अगदी कडेवर असलेल्या एका धनगरवाड्यावर काही वर्षांपूर्वी मी मुक्कामाला होतो. सत्तरी ओलांडलेले एक मामा गोठ्याच्या तोंडाशी बसून म्हशीचे दावे वळत होते. बिबट्याच्या, गव्यांच्या गोष्टी झाल्या आणि मग मी विचारले, "मामा, ढाण्या वाघ येतो का हो इकडं?" त्यांनी दाव्यावरची नजर काढली नाही. म्हणाले, "येतोय की. दोन-चार वर्सांतनं एकदा येतोय नि जातोय. पर ऱ्हात न्हाई. बाईमाणूस न्हाई तर घर कसं हुणार त्येचं?"

तेव्हा ते वाक्य मी बोलीचा नमुना म्हणून वहीत उतरवले होते. पुढे वाघांच्या वर्तनावरचे संशोधन वाचत गेलो, तेव्हा कळले की सह्याद्रीतल्या वाघाचा सगळा प्रश्न मामांनी त्या संध्याकाळी मांडला होता.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून त्याचा गाभा सुमारे ६०० चौरस किलोमीटरचा. भोवतीचा बफर धरला तर साडेअकराशेच्या वर. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत तो पसरला आहे आणि त्याचा कारभार कोल्हापुरातून चालतो. प्रकल्पाच्या नावात वाघ होता, पण कायम मुक्कामाचा वाघ नव्हता, अशी बरीच वर्षे गेली. ठसे मिळत, विष्ठा मिळे. मे २०१८ मध्ये एक वाघ ट्रॅप कॅमेऱ्यात आला आणि पुन्हा दिसेनासा झाला. दोन वर्षांनी तोच वाघ कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात कॅमेऱ्यासमोरून गेला. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे कधीच नसतात. दोन फोटोंतले पट्टे जुळले आणि अंतर निघाले दोनशे किलोमीटरहून जास्त. पुढे एप्रिल २०२२ मध्ये राधानगरीत टिपलेला एक नर डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत सापडला. शंभरेक किलोमीटर चालून, वाटेतले घाटरस्ते, धरणांचे फुगवटे, उसाची शिवारे आणि खाणी चुकवून तो पोहोचला होता. त्याच्या मागोमाग आणखी दोन आले. सेनापती, सुभेदार आणि बाजी अशी त्यांची नावे ठेवली गेली.

तिघेही नर. मादी एकही नव्हती. याला योगायोग म्हणता येत नाही.

नेपाळच्या चितवनमध्ये १९७० च्या दशकात वाघांना रेडिओ कॉलर बांधून अभ्यास सुरू झाला. वयात आलेली पिल्ले आईपासून किती दूर जाऊन वस्ती करतात, हे तिथे वर्षानुवर्षे नोंदवले गेले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात नरांची सरासरी निघाली ३३ किलोमीटर आणि माद्यांची जेमतेम १०. लेक आईच्या शेजारी राहते. कित्येकदा आईच आपल्या क्षेत्राचा एक तुकडा तिला सोडून देते आणि स्वतः जरा सरकते. मुलाला मात्र बाप आणि शेजारचे नर टिकू देत नाहीत, म्हणून तो निघतो आणि चालत राहतो. भारतातल्या जंगलांतही हेच दिसत आले आहे.

एवढी एक गोष्ट समजली की नकाशा वेगळा दिसू लागतो. काळीपासून गोवा, तिलारी, आंबोली, राधानगरी, विशाळगड करत चांदोलीपर्यंत जी रानाची सलग-तुटक पट्टी आहे, तिला आपण वाघांचा भ्रमणमार्ग म्हणतो. खरे तर आज ती नरांची वाट आहे. मादी ही वाट एका दमात चालत नाही. तिला ती पिढ्या-पिढ्यांनी ओलांडावी लागते: आईने तिलारीत पिल्ले वाढवायची, लेकीने आंबोलीच्या अंगाला, नातीने राधानगरीत. म्हणजे मधल्या प्रत्येक टप्प्यावर वाघिणीला दोन वर्षे पिल्ले सांभाळता येतील इतके भक्ष्य हवे, इतकी शांतता हवी. तशी ती नाही, म्हणून पंधरा वर्षे वाट पाहूनही मादी आली नाही. आणखी पंधरा वर्षे पाहिली असती तरी बहुधा आली नसती.

म्हणून २०२५ मध्ये बाहेरून वाघ आणायचे ठरले, आणि मला तो निर्णय बरोबर वाटतो. ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ हलवायला केंद्राने परवानगी दिली. नोव्हेंबरमध्ये ताडोब्याहून पहिली वाघीण चांदोलीत आली, सोनार्लीच्या कुंपणात काही दिवस राहिली आणि मग मोकळी झाली. तिचे नाव तारा. कोल्हापूरकरांना ते ऐकून कोण आठवेल हे सांगायला नको. इथे वर्तनशास्त्राने आपले काम चोख केले: काय कमी आहे ते नेमके सांगितले आणि तेवढेच भरून काढण्याचा मार्ग दाखवला. माझी काळजी इथून पुढे सुरू होते. विज्ञानाचा जो भाग डोळ्यांना दिसतो तो आपण लगेच उचलतो. बेशुद्धीचे इंजेक्शन, कॉलर, पिंजऱ्याची गाडी, दार उघडल्यावरची ती झेप, हे सगळे चित्रात बसते. त्याच विज्ञानाचा जो भाग जमीन मागतो, वेळ मागतो आणि कुणाला तरी नाही म्हणायला सांगतो, तो अहवालात पडून राहतो. वाघ या दुसऱ्या भागावर जगतो.

यात आपण कुठे चुकतो हे पाहायला परदेशी जायला नको. २०१७ च्या जुलैत चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागात माणसांवर हल्ले करणारी एक तरुण वाघीण पकडली आणि वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडली. माणसांच्या दृष्टीने प्रश्न एका जिल्ह्यातून उचलून दुसऱ्या जिल्ह्यात ठेवला होता. वाघिणीच्या दृष्टीने तिला अशा ठिकाणी टाकले होते जिथल्या प्रत्येक वासावर दुसऱ्या कुणाची मालकी होती. ती चालू लागली. सुमारे अडीच महिन्यांत पाचशे किलोमीटरच्या आसपास चालली. शेतांतून, गावांच्या कडेने, कॉलरचा सिग्नल देत. त्यात आणखी माणसे दगावली, तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, आणि ऑक्टोबरच्या मध्यात रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेला चिकटून ती मेली. कॉलर होती म्हणून आपल्याला तिचा प्रत्येक मुक्काम माहीत होता. पण ती का चालते आहे, या प्रश्नाचे उत्तर तिला हलवण्यापूर्वी शोधायचे असते.

ओडिशातल्या सातकोसियात २०१८ मध्ये मध्य प्रदेशातून एक नर आणि एक मादी नेली. नर काही महिन्यांत फासात अडकून गेला. मादीवर माणसे मारल्याचा ठपका आला, गावे पेटून उठली, तिला पकडून कुंपणात ठेवावे लागले आणि शेवटी परत पाठवले. राजस्थानच्या सरिस्कात २००८ पासून रणथंबोरचे वाघ सोडले, पण पहिली जनावरे एकमेकांच्या जवळच्या रक्ताची निघाली आणि पहिला पाळणा हलायला २०१२ उजाडले.

याच्या शेजारी पन्ना ठेवून बघावे. २००९ पर्यंत मध्य प्रदेशातल्या पन्नात एकही वाघ उरला नव्हता. बाहेरून माद्या आणल्या, मग पेंचहून एक नर आणला. तो थोडे दिवस थांबला आणि निघाला. दक्षिणेकडे, पेंचच्या दिशेला. घरच्या ओढीने चालणाऱ्या त्या वाघामागे हत्ती, जीपगाड्या आणि माणसांचा ताफा महिनाभर फिरला आणि डिसेंबरअखेर त्याला परत पकडून आणले. इथवर ही बोरसारखीच गोष्ट आहे. फरक पुढे पडला. तो पुन्हा निघून जाऊ नये म्हणून तिथल्या लोकांनी भोपाळच्या वनविहारातल्या वाघिणीचे मूत्र आणून त्याच्या वाटेवरच्या झाडाझुडपांवर शिंपडले. वाघासाठी तो मजकूर असतो: कोण आहे, कोणत्या अवस्थेत आहे, किती दिवसांपूर्वी इथून गेली. त्याने तो वाचला, थांबला, मादीपर्यंत पोहोचला. एप्रिल २०१० मध्ये तिला पिल्ले झाली. आज पन्नात पन्नासहून अधिक वाघ आहेत. तो नर परत का निघाला, याचा विचार करणारी माणसे तिथे होती आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले.

जनावराच्या स्वभावाचे ज्ञान कोल्हापूरला परके नाही, आणि त्या ज्ञानाचा शेवट काय झाला तेही याच मातीत बघायला मिळते. शाहू महाराजांच्या आणि राजाराम महाराजांच्या काळात इथे चित्त्यांकडून काळविटांची शिकार चाले. चित्त्याला डोळ्यांवर टोपी घालून गाडीवरून कळपाजवळ नेत आणि टोपी काढून सोडत. ती जनावरे सांभाळणाऱ्यांना पक्के ठाऊक असे की पिल्लू आणून वाढवलेला चित्ता शिकारीच्या कामाचा नाही. आईबरोबर फिरून जो शिकार शिकला आहे असा मोठा चित्ताच रानातून धरायचा आणि त्याला माणसाची सवय लावायची. शिकार करणे हे रक्तात असते, पण यशस्वी शिकार करणे आईकडून शिकावे लागते, हे त्यांना शतकानुशतकांच्या अनुभवाने कळले होते. मात्र याच ज्ञानामुळे पिढ्यान्‌पिढ्या रानातली उत्तम मोठी जनावरेच उचलली गेली. पिंजऱ्यात ती वीतही नव्हती. अकबराने आयुष्यभर चित्ते बाळगले आणि त्यांची वीण व्हावी म्हणून धडपडला; जमले नाही. एकदाच जहांगीरच्या काळात पिल्ले झाली, आणि ती घटना बादशहाने आत्मचरित्रात लिहून ठेवण्याइतकी विलक्षण होती. कोल्हापूरच्या दरबाराला विसाव्या शतकात आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागत होते, तरी रान रिकामे झाल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले. आज कोल्हापूरच्या माळांवर चित्ता नाही आणि काळवीटही नाही.

म्हणजे जनावर ओळखता येणे पुरेसे नसते. त्याच्या पायाखालची जमीन आणि पुढ्यातला घास यांचा हिशेब त्यासोबत लागतो.

हा घासाचा हिशेब कसा होतो ते सांगतो. उन्हाळ्याच्या तोंडावर दाजीपूरच्या रानात वनरक्षकाबरोबर ट्रान्झेक्टवर चालायची संधी मला मिळाली होती. दोन किलोमीटरची एक रेघ आधीच आखलेली असते, झाडांवर खुणा केलेल्या असतात. उजाडायच्या सुमाराला दोघांनी निघायचे, बोलायचे नाही, सुक्या पानांवर पाय आपटायचा नाही. जनावर दिसले की थांबायचे: किती, कोणते, रेघेपासून कोणत्या कोनात, किती अंतरावर. होकायंत्र, अंतर मोजायचे यंत्र आणि एक मळकी तक्ता-वही. पहिल्या दिवशी आम्हाला दोन भेकरे आणि एक शेकरू मिळाले. दुसऱ्या दिवशी दाट धुके होते, सांबराचा नुसता धोक्याचा आवाज आला आणि वनरक्षक म्हणाला, "आवाज लिहायचा न्हाई सर, डोळ्यानं बघितलं तरच." तिसऱ्या दिवशी कारवीच्या पलीकडे गव्यांचा कळप उभा होता, काळ्या खडकांसारखा, आणि त्याने आधी पांढरे पाय मोजले. अकरा जनावरे. असे शेकडो किलोमीटर चालल्यावर एका रानात दर चौरस किलोमीटरला किती सांबर आहेत हे सांगणारा एक आकडा हाती येतो. या आकड्याची बातमी होत नाही. वाघीण पिल्ले वाढवू शकेल की नाही हे मात्र तोच ठरवतो.

सह्याद्रीच्या ओल्या, दाट रानात तो आकडा ताडोब्याच्या तुलनेत फार कमी आहे. ताडोब्यातल्या वाघिणीने आईबरोबर सपाट, कोरड्या, बांबूच्या रानात चितळे मारायला शिकलेले असते. इथे उभे कडे, सड्यांवरचे उघडे कातळ, खाली जांभूळ-अंजनीची गर्द जाळी, आणि समोर आठ-नऊशे किलोचा गवा. ती शिकेल, कारण वाघ मोठा जुळवून घेणारा प्राणी आहे. पण भक्ष्य विरळ असेल तर तिचे क्षेत्र मोठे होते. क्षेत्र मोठे झाले की ती बफरच्या बाहेर पडते. बाहेर पडली की पहिले जे मिळते ते धनगराचे रेडकू असते.

यावर उपाय म्हणून सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरची चितळे चांदोलीत आणून सोडली जात आहेत. सागरेश्वर म्हणजे धों. म. मोहिते यांच्या चिकाटीने उघड्या डोंगरावर उभे राहिलेले रान. तिथे हरणे वाढली, आसपासच्या शेतांत शिरू लागली, तेव्हा ती हलवण्यात दोन्हीकडची सोय आहे. माझी शंका आहे ती चितळाच्या स्वभावाबद्दल. चितळ हे मोकळ्या, कोरड्या रानाचे, कळपाने चरणारे जनावर. पावसाळ्यात जिथे आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही अशा घाटमाथ्यावर त्याचा कळप कितपत वाढेल? इथली मूळची दौलत सांबर, गवा, भेकर आणि रानडुक्कर यांची आहे. ती वाढवायची तर चोरटी शिकार, फासे आणि वणवे थांबवावे लागतील, आणि कुरणे राखावी लागतील.

कुरणांचा प्रश्न तर फार नाजूक आहे. चांदोलीच्या गाभ्यात पूर्वी गावे होती. झोळंबी, गोठणे, निवळे ही नावे आजही नकाशात आहेत, माणसे खाली उतरली आहेत. त्यांची सोडलेली भातखाचरे आणि गायराने हीच आज गव्या-सांबरांची उत्तम चराई आहे. पण नांगर आणि गुरे थांबल्यावर त्या मोकळ्या जागांवर झुडपे चढतात आणि पंचवीस-तीस वर्षांत गवत संपते. म्हणजे तिथे वाघाला जो घास मिळतो आहे तो उठून गेलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या जमिनीवर उगवतो. त्याच माणसांपैकी कितीतरी जण पुनर्वसनाची जमीन पुरी मिळावी म्हणून श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षे जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर ठाण मांडून बसले. वाघासाठी गाव सोडलेल्या माणसाचा हिशेब बाकी ठेवून पुढच्या गावाकडे सहकार्य मागायला जाणे अवघड आहे, आणि ते अवघडच असायला हवे.

माणसांच्या बाबतीतली आपली तयारी किती आहे हे ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूडमध्ये दिसले. एक गवा वाट चुकून वस्तीत आला. गवा मुळात लाजाळू, भिडस्त प्राणी; त्याला एकटे सोडले, संध्याकाळपर्यंत एक बाजू मोकळी ठेवली तर तो आल्या वाटेने जातो. इथे गर्दी जमली, मोबाइल निघाले, आरडाओरडा झाला. काही तास तो धावत राहिला, आपटत राहिला, जखमी झाला. पकडल्यानंतर थोड्याच वेळात तो मेला. अतिश्रम आणि भीतीने स्नायू आतून मोडतात, रक्तात विष साठते. खुरवाल्या प्राण्यांच्या बाबतीत हे फार जुने ज्ञान आहे. ज्या राज्यातले पहिले अभयारण्य १९५८ मध्ये दाजीपूरला, गव्यासाठी झाले, त्या राज्यात दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात गव्याला हा शेवट मिळाला. पुढच्या वर्षी कोल्हापूर शहराच्या वेशीवर गवे आले तेव्हाही गर्दी तशीच होती, आणि त्या वेळी करवीर तालुक्यात एका तरुणाचा जीव गेला. उद्या त्या जागी वाघीण असेल. शाहूवाडीच्या, शिराळ्याच्या गावांत आतापासून कोण जाऊन बसले आहे? जनावर दिसले तर काय करायचे, गुरे मारली तर पंचनामा किती तासांत आणि पैसे किती दिवसांत, हे ज्या गावाला आधी माहीत असते तिथे मेलेल्या गुरावर विष टाकले जाण्याची शक्यता कमी होते. वाघ विषाने मरतात ते बहुतेक असेच, दुसऱ्या दिवशी आपल्याच शिकारीवर परतल्यावर.

आता पिल्लांचा विचार करू. वाघीण साडेतीन महिन्यांत विते, आणि पिल्ले दीड-दोन वर्षे तिच्यावर अवलंबून असतात. तोवर त्या भागातला नर बदलता कामा नये. नवा नर आला तर तो आधीच्याची पिल्ले मारतो, कारण त्याशिवाय मादी लवकर माजावर येत नाही. तीन नर आधीच फिरत असलेल्या आणि माद्या मोजक्या असलेल्या रानात ही शक्यता कागदावरची नाही. पहिली दोन-तीन वेतेही जाऊ शकतात. तेव्हा "प्रयोग फसला" म्हणून ओरड होईल आणि घाईने आणखी वाघ सोडण्याचा दबाव येईल. घाईने सोडलेला प्रत्येक नवा नर तीच अस्थिरता वाढवतो. इथे धीर धरणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि पर्यटनाच्या जिप्सी रांगेत उभ्या असताना धीर धरणे कठीण जाणार आहे.

या सगळ्यापेक्षा मोठी काळजी वाटेची आहे. वीस पिल्ले देणाऱ्या वाघिणी आणि त्यांच्यासह ऐंशी-शंभर वाघ असतील तर ती वस्ती स्वतःच्या पायावर टिकते, आणि त्यासाठी आठशे ते हजार चौरस किलोमीटर निर्धोक रान लागते, असे देशातल्या व्याघ्र नियोजनाचे जुने गणित आहे. सह्याद्रीचा गाभा सहाशेचा. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचे. दोन्ही मिळून साडेनऊशे होतात. वेगवेगळे राहिले तर दोन्ही अपुरे. म्हणजे चांदोली आणि राधानगरीच्या मधला शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावड्याचा पट्टा, आणि राधानगरीच्या खालचा भुदरगड, आजरा, चंदगडचा पट्टा, हा या प्रयोगाचा अर्धा भाग आहे. सरकारलाही ते मान्य आहे: २०२०-२१ च्या सुमारास विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड आणि तिलारी ही संवर्धन राखीव क्षेत्रे याच पट्ट्यात जाहीर झाली. पण ती प्रामुख्याने सरकारी वनजमिनीवर आहेत. मधल्या खासगी मालकीच्या रानांत काय होते ते वेगळे. तिथे जांभ्याचा सडा खरवडून बॉक्साइट निघते, डोंगरउतार सपाट करून रिसॉर्ट उठतात, काजू-रबरासाठी सलग झाडे पडतात. आंब्याचा घाट रुंद होतो. शक्तिपीठ महामार्गाची रेघ वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या पत्रादेवीपर्यंत ओढली गेली आहे. कोल्हापूरचे शेतकरी तिला विरोध करत आहेत ते आपल्या जमिनीसाठी. ती रेघ याच घाटमाथ्याला छेदणार आहे, हे त्या वादात फारसे कुणी बोलत नाही. पश्चिम घाटाबद्दलचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला तेव्हाही या तालुक्यांत भीती पसरली ती शेतकऱ्याला चूल पेटवायला लाकूड मिळणार नाही अशी. तो नीट वाचून दाखवायला गावांत फारसे कुणी गेले नाही.

वाट तुटली तर काय होईल याचा अंदाज अवघड नाही. आज जे नर आले ते चालत आले, काळीचे रक्त घेऊन आले. ताडोब्याच्या माद्या मध्य भारताच्या. दक्षिणेकडच्या आणि मध्य भारतातल्या वाघांच्या जनुकांत फरक आहे. दोन घराणी अशी मिसळावीत का, हा संशोधकांत गंभीर वाद आहे. काळीतच वाघ थोडे, तिथून मादी काढणे परवडणार नाही, म्हणून हा मार्ग मला नाइलाजाने पटतो. पण दक्षिणेची दारे बंद झाली तर या मोजक्या जनावरांची लेकरे एकमेकांतच वाढतील, आणि रक्त ताजे ठेवायला दर काही वर्षांनी ट्रकमधून वाघ आणावा लागेल. ज्या कामासाठी एका नराला फक्त चार पाय आणि अंधार लागला होता, त्यासाठी डॉक्टर, इंजेक्शन, परवानग्या आणि हजार किलोमीटरचा प्रवास कायमचा लागेल. तेव्हा आठही वाघ आले, त्यांना पिल्ले झाली, तरी विशाळगड ते तिलारी हा पट्टा राहिला नाही, तर मी या प्रयोगाला यश म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. आफ्रिकेतून आणून मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये सोडलेल्या चित्त्यांपैकी काही २०२३ च्या पावसाळ्यात मेले. दक्षिण गोलार्धातून आलेल्या त्या जनावरांच्या शरीराने आपल्या जुन्या हंगामाप्रमाणे जून-जुलैत थंडीची दाट लव धरली होती; कॉलरखाली ती लव ओली राहिली, जखमा झाल्या, अळ्या पडल्या. कुणालाही आधी सुचले नव्हते की शरीर आपले पंचांग बरोबर घेऊन येते. वाघाचे तसे होणार नाही. तो ताडोब्याचाच आहे आणि पावसात वाढलेला आहे. पण ताडोब्याचा पाऊस वेगळा आणि चांदोलीचा वेगळा. इथे मृगापासून रान बंद होते. ओढे रस्ते तोडतात, जळवा आणि धुके यांच्या राज्यात गस्त घालणारे वनमजूर आणि वनरक्षक कॉलरचा सिग्नल पकडायला डोंगराच्या सोंडेवर चढून अँटेना फिरवत उभे राहतात, आणि ढग उतरले की तो सिग्नलही कधी लागतो, कधी लागत नाही. ट्रॅप कॅमेरे तर जूनच्या आधीच झाडांवरून सोडवून आणावे लागतात, नाहीतर आत पाणी जाते.

पहिल्या पावसात तारा कुठल्या कपारीत राहील, गव्यांचे कळप सडा सोडून कुठे उतरतील, ती त्यांच्या मागे पूर्वेकडे वारणेच्या खोऱ्यात येईल की दक्षिणेला विशाळगडाकडे सरकेल, हे ऑक्टोबरात कॅमेरे पुन्हा त्याच झाडांना, गुडघ्याच्या उंचीवर, बांधल्यावर दिसू लागेल.